काचेवरचा रंग बघून जाडी सांगणाऱ्या कॅथरिन ब्लॉजेट

फोन उलटा करा आणि मागच्या कॅमेऱ्यावर ट्यूबलाइटचा उजेड तिरका पडेल असा धरा. लेन्सच्या आत कुठेतरी जांभळट, हिरवट किंवा निळसर झाक दिसेल. लेन्स रंगीत नाहीये. तिच्यावर एक पारदर्शक थर चढवलाय, केसाच्या जाडीच्या काही सहस्रांश भागाइतका, आणि त्या थरामुळे परत फिरणाऱ्या उजेडातले काही रंग गायब झालेत. उरलेले रंग तुम्हाला दिसतात. चष्म्याच्या दुकानात अँटीग्लेअर म्हणून जादा पैसे घेतात, तो प्रकारही हाच.

हा थर का लागतो ते आधी पटकन सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. खिडकीच्या काचेला दोन बाजू, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. खिडकीचं यात काही अडत नाही. पण फोनच्या कॅमेऱ्यात एकामागे एक सात लेन्स असतील तर पृष्ठभाग झाले चौदा. प्रत्येक ठिकाणी ४ टक्के गेले तर सेन्सरपर्यंत जेमतेम ५६ टक्के उजेड पोचणार. वर तो परतलेला उजेड आतल्या आत इकडून तिकडे आपटत फोटोवर पांढरट धुकं आणणार. रात्रीचे फोटो विसराच. तेच प्रत्येक पृष्ठभागावरचं नुकसान अर्ध्या टक्क्यावर आणलं तर ९३ टक्के उजेड पोचतो. कॅमेऱ्याची मेगापिक्सेलची जाहिरात सगळे करतात, या थराची कोणी करत नाही.

तर हा थर नेमका किती जाड हवा? आणि तेवढाच झाला हे कळणार कसं? मोजपट्टी लावून तर कळणार नाही. ज्या बाईंनी याचं पहिलं हाताळता येईल असं उत्तर काढलं त्यांचं नाव कॅथरिन बर ब्लॉजेट. मला त्यांचं आयुष्य फार आवडतं, म्हणून आज तेच सांगतो.

स्केनेक्टडी

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी नावाचं गाव आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचं गाव. तिथे १० जानेवारी १८९८ ला कॅथरिनचा जन्म झाला. वडील जॉर्ज ब्लॉजेट कंपनीच्या पेटंट विभागाचे प्रमुख होते. त्यांना मुलगी पाहायला मिळाली नाही. तिच्या जन्माच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १८९७ मध्ये, घरात शिरलेल्या चोराने त्यांच्यावर गोळी झाडली आणि त्यात ते गेले. मारेकऱ्याला पकडून देणाऱ्यासाठी कंपनीने ५००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं.

आई दोन्ही मुलांना घेऊन न्यूयॉर्कला गेली आणि १९०१ मध्ये फ्रान्सला. मुलांना दुसरी भाषा यावी, जग दिसावं, असा तिचा विचार होता. घरात पैशाची अडचण नव्हती, हेही सांगायला हवं. त्या काळात मुलीला भौतिकशास्त्र शिकवणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. परत आल्यावर कॅथरिन न्यूयॉर्कमध्ये शिकली आणि वयाच्या पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात दाखल झाली. १९१७ मध्ये ती पदवीधर झाली.

शेवटच्या वर्षाच्या नाताळच्या सुट्टीत ती स्केनेक्टडीला गेली होती. वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना भेटायचं, कारखाना बघायचा. प्रयोगशाळा दाखवायला नेमके अर्व्हिंग लँगम्युअर मिळाले, पुढे १९३२ मध्ये नोबेल मिळालेले. मुलगी हुशार आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि आधी पुढचं शिक्षण पूर्ण कर, असा सल्ला त्यांनी दिला. ती शिकागोला गेली. पहिलं महायुद्ध चालू होतं, विषारी वायू सोडले जात होते. गॅस मास्कमधला कोळसा वायू कसा शोषतो यावर तिने काम केलं आणि १९१८ मध्ये मास्टर्स घेऊन जनरल इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाली. त्या प्रयोगशाळेत घेतलेली पहिली स्त्री शास्त्रज्ञ. वय वीस.

पहिली सहा वर्षं व्हॅक्यूम ट्यूबमधल्या विद्युतप्रवाहाच्या कामात गेली. लँगम्युअर आणि ब्लॉजेट या जोडीचं त्यातलं गणित आजही इलेक्ट्रॉन गनच्या पुस्तकांत सापडतं. मग १९२४ मध्ये त्या केंब्रिजला गेल्या, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत, अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे. तिथे जागा मिळवणं भल्याभल्यांना जड जायचं. लँगम्युअर यांनी शब्द टाकला होता. १९२६ मध्ये त्यांनी पीएचडी घेतली. केंब्रिजमधून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवणारी पहिली स्त्री. गंमत बघा, याच केंब्रिजने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ मध्ये.

पाण्यावरचा एक रेणू जाडीचा थर

परत आल्यावर त्या पुन्हा लँगम्युअरबरोबर कामाला लागल्या. विषय होता पाण्यावर पसरणारं तेल. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर पेट्रोल सांडलं की रंग दिसतात ना, तसं. पण लँगम्युअर यांना त्याहून कितीतरी पातळ थरात रस होता, इतका पातळ की त्यात रेणूंची एकच रांग. (पाण्यावरच्या अशा थरांचं मोजमाप आग्नेस पॉकेल्स नावाच्या एका जर्मन बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात १८९१ च्या आधीच केलं होतं. त्यांच्यावर वेगळा लेख लिहायचाय मला.)

स्टिअरिक ॲसिड म्हणजे मेणबत्तीत वापरतात तो चरबीतला पदार्थ. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला चिकटतं, लांब शेपूट पाण्यापासून पळतं. बेंझिनमध्ये विरघळवून त्याचा थेंब पाण्यावर टाकला की बेंझिन उडून जातं आणि रेणू डोकं पाण्यात, शेपूट वर, असे ओळीने उभे राहतात. पाण्यात बेरियमचा क्षार असेल तर त्यापासून बेरियम स्टिअरेट होतं. म्हणजे चक्क एक प्रकारचा साबण.

आता काच या पाण्यात बुडवून वर काढायची. वर येताना एक थर काचेला चिकटून येतो. पुन्हा खाली नेली, दुसरा थर. पुन्हा वर, तिसरा. थर पाण्यावर विस्कटू नये म्हणून मेण लावलेला रेशमी धागा पाण्यावर टाकायचा आणि त्याच्या पलीकडे एरंडेल तेलाचा थेंब सोडायचा. तेल पसरायला बघतं, धाग्याला ढकलतं, आणि अलीकडचे रेणू सारखे दाटीत राहतात. किती साधं सामान! एक ट्रे, धागा, एरंडेल, साबण. १९३४ आणि १९३५ मध्ये ब्लॉजेट यांनी हे प्रसिद्ध केलं. पाण्यावर एक थर तयार करणं आधीपासून येत होतं. घन वस्तूवर एकावर एक हवे तितके थर रचणं हे ब्लॉजेट यांचं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. लँगम्युअर यांना नोबेल मिळालं आणि बाईंना डावललं असं कुणी रीलमध्ये सांगितलं तर तारीख बघा. नोबेल १९३२ चं, पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी. थर रचण्याची ही पद्धत त्यानंतरची. ब्लॉजेट यांच्यावर अन्याय झाला असेल तर तो वेगळ्या प्रकारचा: पुढे कित्येक वर्षं त्यांचा उल्लेख आधी लँगम्युअर यांची सहायक असाच व्हायचा.

मोजपट्टी रंगांची

थर रचता रचता त्यांच्या लक्षात आलं की काचेला रंग येतोय. साबणाला रंग नाही, काचेला नाही, तरी रंग. साबणाच्या फुग्यावर दिसतो तोच खेळ. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा उजेड परततो, खालच्या पृष्ठभागावरून थोडा. दुसरा थोडा जास्त अंतर जाऊन येतो. दोघांच्या लाटा एकमेकींच्या नेमक्या उलट पडल्या की तो रंग मरतो. थर पातळ असेल तर आधी निळा मरतो, म्हणून काच पिवळसर दिसते. जाडी वाढली की हिरवा मरतो आणि काच जांभळी होते. अजून वाढली की तांबडा मरतो, निळी दिसायला लागते.

हे न्यूटनच्या काळापासून माहीत होतं. पण न्यूटनला किंवा त्याच्यानंतर कुणाला जाडी मोजून रचता येत नव्हती. ब्लॉजेट यांना येत होती! एका खेपेला एक थर, एक थर म्हणजे सुमारे २.४ नॅनोमीटर. किती खेपा झाल्या ते मोजलं की जाडी कळली. यातच सगळी किमया आहे. मोजायचं काही नाही, फक्त गणती करायची.

मग त्यांनी काचेवर पायऱ्या केल्या. पहिल्या पट्ट्यावर इतके थर, पुढच्या पट्ट्यावर त्याहून जास्त, असं करत. प्रत्येक पायरीला वेगळा रंग आणि प्रत्येकीची जाडी माहीत. यासाठी शिसं असलेली जड काच घेतली, कारण साध्या काचेत आणि बेरियम स्टिअरेटमध्ये उजेड जवळपास सारखाच वाकतो. मग दोघांच्या सीमेवरून फारसं काही परततच नाही आणि रंग फिके पडतात. जड काचेवर ते खुलतात.

आता तुमच्याकडे एखादा अज्ञात पातळ थर आहे. तो या पायऱ्यांशेजारी ठेवा, त्याच उजेडात, त्याच कोनातून बघा. ज्या पायरीचा रंग जुळला तिची जाडी घ्या. (थराचा पदार्थ वेगळा असेल तर उजेड त्यात किती मंदावतो याचा हिशोब करावा लागतो, तेवढं एक गणित.) आधीची कारखान्यातली उपकरणं इंचाच्या हजाराव्या भागाच्या गोष्टी करायची, या पट्टीने इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जाता यायचं. तेही डोळ्याने. कोन मात्र सांभाळायचा, कारण काच तिरकी केली की रंग सरकतो. फोनची लेन्स हलवून बघा, तुम्हालाही दिसेल.

चव्वेचाळीस थर

मग पुढचा प्रश्न आलाच. एका थराने एक रंग मरतो, तर काचेवरून परतणारा उजेडच मारता येईल का? यासाठी थराची जाडी उजेडाच्या लहरीच्या एक चतुर्थांश हवी. जाऊन येऊन अर्धी लहर, म्हणजे एकाची शिखरं दुसऱ्याच्या दरीत. पण तेवढ्याने भागत नाही. वरून परतणारा आणि खालून परतणारा उजेड सारख्याच ताकदीचे हवेत, नाहीतर वजाबाकी पूर्ण होत नाही. त्यासाठी थराचा अपवर्तनांक काचेच्या अपवर्तनांकाचं वर्गमूळ हवा. काचेचा १.५ धरला तर १.२२. इतका कमी अपवर्तनांक असलेला घन पदार्थ सहज सापडत नाही, आणि साबणाचा तर काचेच्या जवळपास.

ब्लॉजेट यांनी काय केलं? थर शुद्ध साबणाचे न करता साबण आणि मोकळं ॲसिड यांच्या मिश्रणाचे केले. मग काच बेंझिनमध्ये बुडवली. ॲसिड विरघळून गेलं, साबण तसाच उभा राहिला. जाडी तीच, पण आत पोकळ्या आणि त्यात हवा. हवेमुळे अपवर्तनांक खाली आला. इमारत उभी ठेवून आतल्या अर्ध्या विटा काढून घ्याव्यात तसं. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामातली ही सगळ्यात धाडसी कल्पना आहे.

डिसेंबर १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ही काच जाहीर केली. ४४ थर, म्हणजे सुमारे शंभर नॅनोमीटरचं आवरण, आणि ९९ टक्क्यांहून जास्त उजेड आरपार. काच दिसेनाशी झाली. वर्तमानपत्रांनी अदृश्य काच म्हणून बातम्या छापल्या. घड्याळ, चित्राची चौकट, दुकानाची शोकेस, सगळ्यांना ही काच लागणार अशी चर्चा सुरू झाली.

आणि ती काच बोटाने पुसली जायची.

शेवटी साबणच तो. एका बाजूने बोट फिरवलं की संपलं. ही काच बाजारात टिकली नाही. त्याच सुमारास एमआयटीमधल्या कार्टराइट आणि टर्नर या दोघांनी निर्वात पेटीत फ्लोराइड क्षार तापवून त्याची वाफ काचेवर बसवण्याचं काम पुढे आणलं होतं. त्याआधी १९३६ मध्ये जॉन स्ट्राँग यांनी अमेरिकेतच ते करून पाहिलं होतं, आणि जर्मनीत झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्येच पेटंट मागितलं होतं. फ्लोराइडचा थरही शंभर नॅनोमीटरच्याच घरातला, पण कडक. आजची तुमची लेन्स त्या घराण्यातली आहे, ब्लॉजेट यांच्या साबणाच्या घराण्यातली नाही. हे कितीतरी लेखांत चुकीचं असतं. अदृश्य काच त्यांच्या हातून आली हे खरं, पण फोनपर्यंत आली ती दुसऱ्या वाटेने.

मग ब्लॉजेट यांचं काय उरलं? माझ्या मते मोजपट्टी उरली. जाडी बघायची असेल तर थरावरून परतणाऱ्या उजेडाला विचारा, हा विचार.

आज कारखान्यात काय होतं

आजही लेन्सवर थर चढवतात ते निर्वात पेटीत. खाली पदार्थ तापवून त्याची वाफ करायची, वर घुमटासारख्या फिरत्या धारकावर शेकडो लेन्स. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर असेल तर तो सुमारे १०० नॅनोमीटर हवा. सुरुवातीच्या काळात कामगार पेटीच्या छोट्या खिडकीतून काचेवरचं प्रतिबिंब बघायचे आणि ते जांभळं झालं की वाफ बंद करायचे. म्हणजे हिरवा मेला, काम झालं. निव्वळ डोळ्यांचा सराव.

आता डोळ्याच्या जागी सेन्सर आहे. पेटीत एक तपासणीची काच ठेवतात, तिला मॉनिटर ग्लास म्हणतात. तिच्यावर एका ठरावीक रंगाचा उजेड सोडायचा आणि किती परतला ते बघत राहायचं. साध्या काचेवर आकडा ४ टक्के असतो. थर वाढतो तसा तो उतरायला लागतो, सव्वा टक्क्याच्या आसपास तळ गाठतो आणि परत चढायला लागतो. तळ म्हणजे जाडी लहरीच्या एक चतुर्थांश. झडप तिथे लावायची.

ऐकायला सोपं आहे, पण एक गोची आहे. तळाशी वक्र सपाट असतो. जाडी थोडी वाढली तरी आकडा हलत नाही, त्यामुळे नेमका क्षण पकडणं अवघड. तळ आला हे कळतं तेव्हा तो मागे पडलेला असतो. म्हणून कित्येकदा मुद्दाम वेगळ्या रंगाचा उजेड घेतात, ज्यात हव्या त्या जाडीला वक्र उतारावर असेल. तिथे जाडीतला बारीक बदलही आकड्यात लगेच दिसतो.

आणि एक सुंदर गोष्ट. फिल्टरमध्ये वीस-तीस थर असतात. सगळे एकाच मॉनिटर ग्लासवर, ज्या रंगासाठी फिल्टर आहे त्याच रंगात मोजले, तर एका थरातली चूक पुढच्या थरात बऱ्याच अंशी भरून निघते. कारण यंत्र थराची जाडी वेगळी मोजतच नाही, आतापर्यंतच्या सगळ्या थरांचा मिळून परिणाम बघतं. आधीचा जरा जाड झाला असेल तर पुढच्याचा वळणबिंदू आपोआप लवकर येतो. जाडी मोजायची दुसरी रीत म्हणजे क्वार्ट्‌झचा स्फटिक. त्याच्यावर पदार्थ बसला की त्याची कंपनं मंदावतात. ती वजन सांगते. उजेडाचं काय होणार हे तिला माहीत नसतं, आणि आपल्याला लेन्समध्ये शेवटी उजेडच हवा असतो. दोन्ही एकत्र वापरणारे कारखाने पुष्कळ आहेत.

नंतरची वर्षं

दुसऱ्या महायुद्धात ब्लॉजेट यांनी विमानाच्या पंखांवर बर्फ साचू नये यावर काम केलं, सैन्य लपवणाऱ्या धुराच्या पडद्यांच्या कामातही त्या होत्या. काचेवरची पेटंटं १९४० मध्ये मंजूर झाली. पायऱ्यांच्या मोजपट्टीचं पेटंट मिळालं ते १९५२ मध्ये, म्हणजे तिच्यावर त्यांनी बरीच वर्षं घालवली होती. १९५१ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचं गार्व्हन पदक त्यांना मिळालं, जे स्त्री रसायनशास्त्रज्ञांसाठीच ठेवलेलं होतं. त्याच वर्षी १३ जूनला स्केनेक्टडीने कॅथरिन ब्लॉजेट दिवस साजरा केला.

त्यांनी लग्न केलं नाही. हौशी नाटकांत कामं केली, बाग केली, उन्हाळ्यात लेक जॉर्जला जाऊन राहिल्या. घर होतं स्केनेक्टडीतच, ज्या घरात त्या जन्मल्या आणि ज्यात वडील गेले त्याच्या नजरेच्या टप्प्यात. हे वाचून मला थोडा वेळ काही सुचलं नव्हतं. लँगम्युअर १९५७ मध्ये गेले, त्या १९६३ मध्ये निवृत्त झाल्या आणि १२ ऑक्टोबर १९७९ ला राहत्या घरी वारल्या.

त्यांचा तो ट्रे, पाणी आणि वर-खाली होणारी काच आजही प्रयोगशाळांत आहे, फक्त हाताच्या जागी मोटर आली आणि एरंडेलाच्या जागी सरकणारी पट्टी. सेंद्रिय पदार्थांचे एक-एक रेणू जाडीचे थर रचायचे असतील तर अजूनही संशोधक याच वाटेने जातात आणि त्यांना लँगम्युअर-ब्लॉजेट फिल्म म्हणतात. घाईत बोलताना नुसतं एलबी. त्यातला बी त्यांचा.